मी कासव लिहिलं

ज्या जनावराची मी कागदावर ‘कासव, एक’ अशी नोंद केली, ते कासव नव्हतं. ती समुद्रगाय होती आणि तिच्या बगलेला पिल्लू होतं. मी दोघांना दुर्बिणीतून स्वच्छ पाहिलं होतं. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, नमाजनंतर हात वर करून दुआ मागतानासुद्धा तोंडाने कधी उच्चारलं नाही, जणू वर कोणाला माहीतच नव्हतं.

संपादकांनी मला ‘आखातातल्या नोकरीतल्या गमती’ लिहायला सांगितलं होतं. गमती आहेत, त्याही येतील. पण हे आधी लिहिलं नाही तर बाकी सगळं पुन्हा खोटंच लिहिलं जाईल, आणि माझ्या हाताला तशी सवय आहे.

माझं गाव रत्नागिरी तालुक्यात, खाडीच्या तोंडावर. वडील मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य होते. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलो आणि बहारीनला आलो तो हिद्दच्या बंदरात टगबोटीवर खलाशी म्हणून. पुढे छोटी लाँच चालवायला लागलो. मग उत्तरेकडच्या समुद्रात भराव टाकून नवं बेट करायचं मोठं काम निघालं. त्या बाजूला पाण्याखाली गवताची कुरणं आहेत आणि समुद्रगाई तिथे चरायला येतात. जगातून संपत चाललेलं जनावर. म्हणून परवानगीत अट होती की जहाजावर एक माणूस फक्त पाहायला ठेवा. गाय दिसली की काम थांबवा.

कंपनीने हिशेब केला. बाहेरून शास्त्रज्ञ आणण्यापेक्षा समुद्र कळणारा घरचा माणूस बरा. सीफ नावाच्या पॉश वस्तीतल्या एका हॉटेलात तीन दिवसांचा कोर्स झाला, गळ्यात कार्ड आलं. मरीन मॅमल ऑब्झर्व्हर. जुन्या बाजाराच्या वेशीच्या, बाब अल बहारीनच्या मागच्या गल्लीत आम्ही रत्नागिरी-रायगडवाले शुक्रवारी चहाला जमायचो. तिथे ते कार्ड हातोहात फिरलं आणि माझं नाव कायमचं ‘गुराखी’ पडलं.

“काय रे गुराखी, आज किती लिटर दूध काढलंस?”

“अरे, त्याला पगार मिळतो समुद्र बघण्याचा. आमचा बाप फुकटात बघत बसायचा, तर आई भांडायची.”

मीही हसायचो. खरं सांगायचं तर आतून छाती फुगलेली असायची.

कारण हे काम मला येत होतं. न पाहिलेल्यांसाठी सांगतो. ड्रेजर म्हणजे समुद्राच्या तळाची वाळू पाइपाने शोषून पोटात भरणारं जहाज. तो पंप सुरू होण्याआधी अर्धा तास मी वरच्या डेकवर उभा राहून चारी बाजू पाहायच्या. पाचशे मीटरच्या आत गाय दिसली तर पंप सुरू करायचा नाही. ती शेवटची दिसली त्या क्षणापासून घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. शिवाय कामावरच्या सगळ्या लाँचनी तासभर अगदी मुंगीच्या चालीने जायचं, तेही कुरणाला लांबचा वळसा घालून. कासव दिसलं तर मात्र यातलं काहीच नाही. कासवाची फक्त नोंद करायची. काम चालू.

डॉल्फिन ओळखणं सोपं, आमच्याकडे त्याला गादा म्हणतात. त्याचं पाठीवरचं पर दिसतं, आणि तो स्वतःच येऊन तमाशा करतो. कासवाचं डोकं अंगठ्याएवढं वर येतं, इकडे तिकडे बघतं आणि बुडतं. समुद्रगाय लाजरी. आधी नुसती नाकपुड्यांची जोडी पाण्याबाहेर, एक दमदार फुस्स, मग तपकिरी पाठ, तिच्यावर पर नाही, आणि जाता जाता शेपटीचा पंखा. आजूबाजूला पाणी गढूळ, वर तुटलेल्या गवताच्या काड्या तरंगत असतात. ज्याने एकदा पाहिलं त्याची पुन्हा चूक होत नाही. माझी तर नाहीच.

आता मला ज्याचा संताप येतो ते सांगतो. या राखणदाराला पगार कोण देतो? जो वाळू उपसतो तोच. माझा अहवाल जायचा कोणाकडे? सीफमधल्या त्याच्याच ऑफिसात, पास्कलकडे. पास्कल वसईचा, आमचा पर्यावरण समन्वयक, माणूस गोड. मराठी ऐकायला मिळतं म्हणून मला त्याचा फोन आवडायचा. तो कधी म्हणाला नाही की खोटं लिही. तो एवढंच म्हणायचा, “इस्माईलभाय, या महिन्यात तीनदा थांबलो आपण. नक्की गायच होती ना? नाही, तुम्ही म्हणता तर असेलच. मी आपलं विचारलं.”

मी आपलं विचारलं! या तीन शब्दांवर आख्खं बेट उभं आहे.

एकदा मार्केटिंगवाल्या बाई आल्या. उन्हाची टोपी, उंच टाचा, लोखंडी डेकवर टाचा अडकत होत्या. व्हिलांच्या जाहिरातपत्रकासाठी त्यांना समुद्रगाईचा फोटो हवा होता. मी लांब आलेली एक नाकपुड्यांची जोडी दाखवली.

“बस, इतनाही?” त्या म्हणाल्या. “कोई क्यूट-सी नहीं मिलेगी? थोडी स्माइलवाली?”

“मॅडम, वो साँस लेने आती है. फोटो खिंचवाने नहीं.”

शेवटी त्यांनी कुठलं तरी चित्र छापलं. आज त्या भरावावर कॅफे आहेत आणि त्यांच्यासमोर सिमेंटची एक समुद्रगाय आहे, हसरी. मुलं तिच्या पाठीवर बसून फोटो काढतात. जिथे ती बसवली आहे तिथे खाली गवत होतं. मी स्वतः पाहिलेलं. माझी मुलगी सना एकदा मला कौतुकाने तिथे घेऊन गेली. “अब्बा, यू सेव्ह्ड देम, ना?” मी आईस्क्रीम आणायला गेलो.

अभिमानाचाही एक दिवस लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी पहिल्यापासून चोर होतो. पहिल्याच हिवाळ्यात सकाळी एकामागून एक नाकपुड्या वर यायला लागल्या. मी मोजत गेलो आणि मोजणं सोडून दिलं. सगळा कळप ड्रेजरच्या भोवती चरत होता. मी रेडिओवर ‘स्टॉप’ म्हटलं. दुपार झाली तरी स्टॉप. कॅप्टन वर आला, मला बाजूला सारून स्वतः दुर्बीण लावली आणि चारी बाजू फिरवली. मग इंग्रजीत म्हणाला, “तुझ्या गुरांमुळे माझं जहाज धर्मशाळा झालं आहे,” आणि खाली जाऊन माझ्यासाठी कॉफी पाठवली. त्या दिवशी माझ्या एका शब्दावर तेवढं मोठं लोखंड गप्प उभं होतं. माणूस तसाच राहिला असता तर!

गवत कुठे आहे, भरतीला गाई कुठून आत येतात, हे मला कोर्समध्ये कोणी शिकवलं नव्हतं. ते शिकवलं बू सालेमने. उत्तर किनाऱ्यावरच्या गावातला म्हातारा बहारीनी मच्छीमार, कुरणाच्या कडेला त्याची जाळी असायची. आमची लाँच जवळून गेली की तो हात करायचा. मी त्याच्याकडून साफी घ्यायचो, इथला सगळ्यांचा लाडका मासा. पहिल्या दिवशी त्याने माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “तुम्हारा इंडिया में गाय मफी, नहीं है? इदर पानी में गाय देखने आया?”

“उदर बहोत है, बू सालेम. इदर कम है, इसलिए.”

“कम कौन किया?” तो म्हणाला, आणि आमच्या ड्रेजरकडे हनुवटी उडवली. “तुम मशीन लाया, फिर गाय देखने को आदमी लाया. मशीन नहीं लाता, आदमी का काम क्या?”

तरीही तो मला सांगायचा. आज दोन आल्या, आज पिल्लूवाली आली. जाळ्यात गाय अडकली की तासाभरात बुडून मरते, तिला श्वास घ्यायला वर यावं लागतं. म्हणून पिल्लूवाली दिसली की तो जाळं उचलून दुसरीकडे न्यायचा. दिवसाची मासळी बुडायची. त्याला कोणी कार्ड दिलेलं नव्हतं.

आता तो गुरुवार.

गुरुवार म्हणजे इथला आठवड्याचा शेवटचा दिवस, आमची पाळी बदलायचा दिवस. सकाळचा पंप सुरू झाला की मी आणि रात्रपाळीची माणसं लाँचने किनाऱ्यावर जाणार होतो. घरी पाहुणे होते. बायकोच्या माहेरची माणसं शेजारच्या देशातल्या दम्मामहून समुद्रावरचा पूल ओलांडून आली होती, तिने सांदणं केली होती, मला दहाच्या आत ये म्हणून बजावलं होतं.

लोकांना वाटतं, परदेशातला माणूस चूक करतो ती व्हिसाच्या भीतीने. आम्हीही तेच सांगतो. काय करणार भाऊ, व्हिसा त्यांच्या हातात. माझ्या बाबतीत हे खोटं आहे. त्या दिवशी मला कोणी धमकावलं नव्हतं. पास्कलचा फोनही आला नव्हता. नोकरी जाणार नव्हती. मला घरी जायचं होतं, बस. सांदणं गरम असताना.

अर्धा तास संपायला पाच मिनिटं होती. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. डाव्या बाजूला, तीनशे मीटरवर, नाकपुड्या आल्या. फुस्स. मग तिच्या लगत छोट्या नाकपुड्या, छोटं फुस्स. पाठ, पंखा, गेल्या. मी घड्याळ पाहिलं. अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून, मग लाँचचा मुंगीच्या चालीने वळसा. बारा वाजणार.

रेडिओवर कॅप्टन. “इस्माईल, क्लियर?”

मी म्हणालो, “क्लियर. वन टर्टल.”

एवढंच. तोंडातून निघायला काय लागतं! कॅप्टन ‘गुड’ म्हणाला. मी नोंदीच्या तक्त्यावर लिहिलं, सही केली, खाली उतरून लाँचमध्ये बसलो. पंप घरघरायला लागला. गाई त्या आवाजाने डावीकडून आमच्या वाटेच्या बाजूला सरकल्या असणार, हे मला बसल्या बसल्या कळलं होतं. लाँच चालवणारा रफीक सिल्हेटचा. त्याला क्लियर मिळालं होतं, त्याने सरळ कुरणावरून पूर्ण वेगात सोडली.

धप्प झालं. फार मोठं नाही. बुडाला ओली गोणी आपटावी तसं. कोणाच्या हातातला चहा सांडला.

“लकड़ी होगा,” रफीक म्हणाला.

“तेरा लाइसेंस होगा,” मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. मीही हसलो. हसताना मागे वळून पाहिलं. फेसाच्या पट्ट्यात पाणी मातकट-लालसर दिसलं. मी ‘थांब’ म्हणू शकलो असतो. मी तोंड पुन्हा पुढे वळवलं. घरी जाऊन सांदणं खाल्ली. चार खाल्ली. चव आठवते, हेच वाईट.

शनिवारी पास्कलचा फोन. एक समुद्रगाय मरून किनाऱ्याला लागली आहे, सरकारी माणसं तपासणार आहेत, आपल्याकडून तुम्ही चला. ती वाहत जाऊन बू सालेमच्या जाळ्यात अडकली होती. जाळं कापून तो तिला समुद्रात ढकलून देऊ शकत होता, कोणाला पत्ता लागला नसता. त्याने तिला दोरी बांधून आपल्या होडीने किनाऱ्याला ओढून आणलं आणि स्वतः फोन केला. मी म्हणालो ना, त्याला कोणी कार्ड दिलेलं नव्हतं.

मी तिच्या अंगावर टेप धरली. डोक्यापासून शेपटीपर्यंत. पाठीवर तीन तिरके काप होते, सारख्या अंतरावर. ज्याने आयुष्यात एकदा बोटीच्या इंजिनाला पंखा बसवलेला आहे त्याला ते काय आहेत हे सांगावं लागत नाही. सरकारकडून आलेली जनावरांची डॉक्टर तरुण होती, बहारीनी. काप पाहून ती अडखळली. “हे बोटीचं वाटतं.”

“मेल्यावर वाहताना एखादी बोट लागली असेल,” पास्कल हळूच म्हणाला. “मासेमारीच्या कितीतरी बोटी जातात. जाळं तर अंगावरच आहे.”

“कामाच्या भागात या आठवड्यात गाय दिसली होती का?” तिने मला विचारलं.

बू सालेम माझ्याकडे बघत होता. विश्वासाने बघत होता. तो मध्येच, मलाही कळावं म्हणून हिंदीतच, बोलला, “डॉक्टर, इसका बच्चा है. दो दिन से मेरा जाल के बाजू घूमता है, अकेला. ये मरके आया, जाल में नहीं मरा. इसको पूछो, इसका आँख अच्छा है.”

मी तक्ता पुढे केला. गुरुवार, कासव, एक. बाकी आठवडा कोरा.

माझ्या कामातल्या त्या कोऱ्या रकान्यांनी निकाल लावला. प्रशिक्षित माणसाने कामाच्या भागात गाय पाहिलीच नाही, म्हणजे ती तिथे नव्हती, म्हणजे आमच्या बोटींचा संबंध नाही, म्हणजे जाळं. अहवालात लिहिलं गेलं, जाळ्यात गुदमरून मृत्यू. पिल्लाचा उल्लेखही नाही, कारण ते पाहिल्याचं सांगणारा फक्त आरोपी होता. बू सालेमचा मासेमारीचा परवाना गेला. ज्याच्या हाताने त्या गाई इतकी वर्षं जगल्या त्याच्या नावावर गाय मारल्याचा कागद चढला, आणि तो कागद माझ्या सहीवर उभा राहिला.

पास्कल गाडीत म्हणाला, “बरं झालं, इस्माईलभाय. तुमचा रेकॉर्ड क्लीन आहे.”

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याने काय केलं होतं? जे मी लिहिलं तेच त्याने वाचलं होतं. राग कुठे काढायचा हे कळेना म्हणून मी पुढची कितीतरी वर्षं कंपन्यांवर काढला, सरकारांवर काढला, चहाच्या टेबलावर मोठमोठ्याने काढला. मित्र म्हणायचे, गुराखी फार तत्त्वाचा माणूस. भराव पूर्ण झाला तेव्हा कंपनीने केक कापला. त्यावर निळ्या क्रीमने लिहिलं होतं, आमच्याकडून एकही प्राणी दगावला नाही. त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. मी कापला.

त्यानंतर ते काम सोडलं. आता हिद्दला जहाजांच्या सामानाच्या गोदामात आहे. नट-बोल्ट मोजतो. नट खोटं बोलायला लावत नाहीत.

गेल्या वर्षी सीफमधल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये कोणीतरी माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केलं. सिक्युरिटीच्या गणवेशात बू सालेम. गणवेश त्याला दोन माप मोठा. होडी केव्हाच विकली होती. मुलं मोठ्या पदावर वगैरे नाहीत, आणि गावात लोक अजून चिडवतात, असं त्यानेच हसत सांगितलं.

“मेरेको गाय का कातिल बोलता है, बच्चा लोग. तुम कैसा, हिंदी? बीवी ठीक?”

हिंदी म्हणजे त्यांच्या भाषेत हिंदुस्थानी. मी ठीक म्हणालो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. त्याने हात वर करून त्यांना थांबवलं, खिडकीत वाकला आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“इस्माईल, सच बोलो. मैं किसी को नहीं बोलेगा. मैं बुड्ढा है, बस जानना है. वो जुमेरात तुम क्या देखा?”

देवाने माझ्यासमोर दार उघडून धरलं होतं. मोकळं. आत फक्त एक म्हातारा उभा, आणि तो मला माफ करायलाही तयार दिसत होता.

मी म्हणालो, “कछुआ, बू सालेम.”

तो खिडकीतून सरळ झाला. मग गाडीच्या छतावर दोनदा थाप मारली. “खलास. यल्ला, जाओ, पीछे गाड़ी है.”

पहिलं खोटं मी जेवणासाठी बोललो. हे कशासाठी बोललो? मी स्वतःला विचारून विचारून थकलो आहे. मला वाटतं, माणसाला आपला चांगुलपणा मोडायला जड जातो. दुसऱ्याचा मोडायला काही वाटत नाही.

आणि हेही कळतं मला, की हे मी मराठीत लिहितो आहे. बू सालेम मराठी वाचत नाही. ती डॉक्टर वाचत नाही. सनाला मराठी समजते पण वाचता येत नाही. इथे कबूल करायला मला धैर्य लागलेलं नाही, ही निवड मी पुरेसा विचार करून केलेली आहे. तेव्हा वाचणाऱ्याने मला प्रामाणिक म्हणू नये. माझी तेवढी विनंती आहे.

बू सालेमच्या घरी जायचं आहे. त्याच्या मुलांसमोर बसून, त्याला कळेल अशा भाषेत, त्या गुरुवारी मी काय पाहिलं ते सांगायचं आहे. मग मत्स्यविभागात जाऊन लेखी जबाब द्यायचा आहे, म्हणजे त्या कागदावरून त्याचं नाव निघेल आणि माझं चढेल. एवढं मी त्याचं देणं लागतो. त्याचं गाव माझ्या गोदामापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. मी अजून गेलेलो नाही.